दोर झोपू द्यायचा नाही : गटवर्गासाठी बॅटल रोपचे सांघिक खेळ

गटवर्गाला बारा-पंधरा माणसे येतात आणि दोर असतात दोन किंवा तीन. नव्याने वर्ग घेऊ लागलेल्या प्रशिक्षकाला ही पहिली अडचण वाटते आणि तो प्रत्येकाला दोर कसा मिळेल याच्या विवंचनेत पडतो. खरे तर बॅटल रोपचा, म्हणजे खुंटाला अडकवलेल्या जाड दोराची दोन्ही टोके धरून लाटा काढण्याचा, व्यायाम इतका दमवणारा आहे की प्रत्येकाला स्वतंत्र दोर दिला, तरी नवख्या माणसाचा निम्म्याहून अधिक वेळ दम घेण्यातच जाईल आणि तेवढा वेळ त्याचा दोर जमिनीवर पडून राहील. तोच वेळ संघातील दुसऱ्याला दिला, तर विश्रांती आपोआप मिळते आणि दोरही रिकामा राहत नाही. म्हणूनच संघात किती माणसे ठेवायची हे ठरवताना प्रशिक्षक प्रत्येकाला किती विश्रांती द्यायची हेच ठरवत असतो. पुढील सर्व खेळ या एका हिशेबावर उभे आहेत, त्यामुळे खेळांचे नियम पाठ करण्यापूर्वी तो हिशेब समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

हिशेब असा. चार जणांच्या संघात एका वेळी एकच जण दोर हलवत असेल आणि पाळी 15 सेकंदांची असेल, तर प्रत्येकाला 15 सेकंद काम आणि 45 सेकंद उसंत मिळते. संघ तिघांचा केला की उसंत 30 सेकंदांवर येते आणि जोडी केली की काम व विश्रांती समसमान होतात. अगदी नवख्यांसाठी चार जणांचा संघ हा माझ्या मते सर्वांत सुरक्षित ठरतो. बारा जण आणि तीन दोर असतील तर प्रश्नच उरत नाही. तेरावा माणूस आला, तर त्याला कोणत्याही संघात पाचवा म्हणून घ्यावे. त्या संघाला थोडी जास्त विश्रांती मिळेल, इतकेच.

दोर, खुंट आणि जागा

जाड दोर हलवण्याच्या व्यायामाला व्यवस्थित पद्धतीचे रूप देऊन तो लोकप्रिय करण्याचे श्रेय जॉन ब्रूकफील्ड या अमेरिकी प्रशिक्षकाला दिले जाते आणि ही गोष्ट 2000 नंतरच्या दशकातली आहे. आज बाजारात साधारणपणे 38 आणि 50 मिलिमीटर व्यासाचे, तसेच 9, 12 आणि 15 मीटर लांबीचे दोर मिळतात. व्यासातील फरक कागदावर किरकोळ दिसतो, परंतु दोराचे वजन व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने त्याच लांबीचा आणि त्याच धाग्याचा 50 मिलिमीटरचा दोर हा 38 मिलिमीटरच्या दोराच्या जवळजवळ पावणेदोन पट जड असतो. शिवाय लहान पंजाच्या माणसाला तो नीट धरताही येत नाही. नवख्यांच्या वर्गासाठी 38 मिलिमीटर व्यास आणि 12 मीटर लांबी ही निवड बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. धाग्याचा विचार करता, मनिला दोर हाताला खरखरीत लागतो, त्याचे तंतू गळतात आणि ओल लागल्यास तो खराब होतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर हलका असला तरी सतत उन्हात राहिल्यास ठिसूळ होतो. पॉलिस्टरचा दोर मऊ आणि टिकाऊ असल्यामुळे बंदिस्त दालनात तोच सोयीचा पडतो.

दोर मध्यावर दुमडून खुंटाभोवती घेतला जातो, त्यामुळे 12 मीटरच्या दोराला प्रत्यक्षात सुमारे 6 मीटर लांबीची जागा लागते. त्यामागे रांगेत उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आणखी 2 मीटर आणि दोन दोरांच्या मध्ये किमान 2 मीटर मोकळी जागा सोडावी. खुंट म्हणून भिंतीत किंवा जमिनीत पक्का बसवलेला आकडा सर्वांत चांगला. मजबूत खांबही चालतो, मात्र त्याला कडा नसाव्यात आणि दोर घासणाऱ्या भागावर जाड कापडाचे किंवा रबराचे आवरण असावे. दोर जमिनीपासून घोट्याच्या किंवा फार तर गुडघ्याच्या उंचीवर अडकवावा. वजनदार केटलबेलच्या (मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याच्या) मुठीतून दोर ओवण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु गुळगुळीत फरशीवर ती केटलबेल प्रत्येक आपटणीबरोबर पुढे सरकत येते आणि खेळाच्या भरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तशी वेळ आलीच तर खाली रबरी चटई घालावी, एकाऐवजी दोन केटलबेल वापराव्यात आणि आपटणीचे खेळ त्या दिवशी वगळावेत.

वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. दोराची दोन्ही टोके एकत्र ओढून ती समान लांबीची आहेत ना हे पाहावे, कारण एक बाजू लांब राहिली की त्या बाजूच्या हाताला विनाकारण जास्त काम पडते. नंतर दोर हातातून सरकवत त्याच्या पूर्ण लांबीवर उसवलेले धागे, कापल्याच्या खुणा आणि टोकांवरील आवरणाची सैल झालेली पट्टी शोधावी. हे काम दोन मिनिटांचे आहे. सहभागींनाही अंगठ्या, घड्याळे आणि कडी काढून ठेवायला सांगावे.

उभे राहणे आणि दोर धरणे

आठेक मिनिटांच्या वॉर्मअपमध्ये जागच्या जागी चालणे, खांदे आणि मनगटे फिरवणे, हात मोकळे झुलवणे, वजनाशिवाय स्क्वॉट (गुडघे वाकवून खाली बसून उठणे) आणि कमरेतून पुढे झुकून पुन्हा सरळ होण्याचा सराव एवढे पुरेसे असते. त्यानंतर लगेच दोर हातात देऊ नये. प्रथम दोराविना उभे राहण्याची पद्धत शिकवावी : पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अंतरावर, गुडघे थोडे वाकलेले, नितंब जरासे मागे, टाचा जमिनीला टेकलेल्या, छाती उघडी आणि पाठ सरळ. या अवस्थेत हात वरखाली करून पाहिले म्हणजे आपला तोल कोठे जातो हे प्रत्येकाला दोराविनाच कळते.

दोर हस्तांदोलन केल्यासारखा, म्हणजे अंगठा वर ठेवून धरावा. आपटणीच्या वेळी मात्र तळवे खाली वळवून धरलेले बऱ्याच जणांना सोयीचे वाटते. मूठ घट्ट आवळण्याची नवख्यांना फार सवय असते आणि त्यामुळे खांद्यांच्या आधी कोपराखालचा भागच थकून जातो. दोर निसटणार नाही इतपत पकड पुरेशी आहे. दोराचा विळखा हाताभोवती किंवा मनगटाभोवती कधीही घेऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि प्रत्येक वर्गात पुन्हा सांगावा.

खुंटापासून किती अंतरावर उभे राहायचे, हा प्रश्न हमखास येतो. दोर पूर्ण ताणला जाईल इतके मागे गेल्यास लाट उठतच नाही आणि हिसके खांद्यात बसतात. म्हणून दोर ताणून उभे राहावे आणि तेथून एक ते दोन पावले पुढे यावे. पुढे येऊ तसतसा दोर अधिक सैल होतो आणि हलवायचे वजन वाढते, मागे जाऊ तसतसे ते कमी होते. दमलेल्या माणसाला थांबवण्याऐवजी अर्धे पाऊल मागे घेण्याची सूचना देता येते, हा या साधनाचा मोठा फायदा आहे. वजनाच्या थाळ्या बदलण्याचा खटाटोप येथे नाही.

चार मूळ हालचाली शिकवल्या की पुढील सर्व खेळ खेळता येतात. पहिली आलटलाट : एक हात वर जाताना दुसरा खाली येतो. दुसरी जोडलाट : दोन्ही हात एकाच वेळी वरखाली होतात. तिसरी नागमोडी : दोर जमिनीलगत ठेवून हात आत-बाहेर नेतात, त्यामुळे दोर सापासारखा सरपटतो. चौथी आपटणी : दोन्ही हात डोक्याच्या उंचीपर्यंत उचलून गुडघे वाकवत दोर जमिनीवर आपटतात. आपटणीत कमरेतून वाकून पाठ गोल होण्याचा धोका असतो, म्हणून ती सर्वांत शेवटी शिकवावी आणि ज्याला ती नीट जमत नाही त्याला बिनदिक्कत जोडलाट करू द्यावी. श्वास रोखून धरण्याची सवय मोडण्यासाठी दर दोन लाटांना मोठ्याने आकडा म्हणायला लावावे. आकडा म्हणताना श्वास आपोआप बाहेर पडतो.

लाट हीच परीक्षक

खेळ म्हटला की गुण आले, आणि गुण कशाला द्यायचे हे चुकले की वर्गाची घडी विस्कटते. सर्वाधिक लाटा मारणारा संघ विजयी असे जाहीर केले, की लोक ताठ उभे राहून मनगटाने दोर थरथरवू लागतात. आकडा फुगतो आणि व्यायाम होत नाही. त्याऐवजी लाट खुंटापर्यंत पोहोचते की नाही, ही एकच कसोटी ठेवावी. हातातून निघालेली लाट जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वाटेत क्षीण होत जाते आणि ती खुंटापर्यंत नेण्यासाठी पाय, कंबर आणि खांदे यांचा मिळून जोर लागतो. माणूस थकू लागला की सर्वांत आधी लाट अर्ध्या वाटेत विरते, चेहऱ्यावर थकवा दिसण्याच्याही आधी. सहभागी ‘मी ठीक आहे’ असे म्हणत असला तरी दोर खरे काय ते सांगत असतो. म्हणून पुढील प्रत्येक खेळात विरलेली लाट म्हणजे पाळी संपली, असा नियम ठेवावा. त्यामुळे कोणालाही थांबायला सांगण्याचा अप्रिय प्रसंग येत नाही.

आलटलाटेत मोजणी फक्त उजव्या हाताची करावी. दोन्ही हात मोजण्याची मुभा दिली की एका संघाचे चाळीस आणि दुसऱ्याचे वीस असे घोळ होतात आणि पुढची पाच मिनिटे वादात जातात.

पहिला खेळ : दोर झोपू द्यायचा नाही

नवख्या वर्गाला हाच खेळ प्रथम द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. चार जणांचा संघ, एक दोर आणि 3 मिनिटांची वेळ. दर 15 सेकंदांनी शिट्टी वाजते आणि पाळी बदलते. म्हणजे एकूण 12 पाळ्या होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 3 येतात. अट एवढीच की पाळी बदलताना दोर थांबता कामा नये. दोर निश्चल झाला की संघाच्या नावावर एक चूक लागते आणि ज्यांच्या चुका सर्वांत कमी, तो संघ जिंकतो.

सगळी गंमत दोर सोपवण्यात आहे, म्हणून त्याचा सराव खेळाआधी सावकाश करून घ्यावा. येणाऱ्याने जाणाऱ्याच्या उजव्या अंगाला, अर्धे पाऊल मागे उभे राहावे आणि ‘आलो’ किंवा ‘आले’ असे स्पष्ट म्हणावे. ते ऐकताच जाणाऱ्याने लाट लहान करावी. येणाऱ्याने प्रथम उजवे टोक, जाणाऱ्याच्या पंज्याच्या किंचित पुढे पकडावे आणि त्या हाताने लाट चालू ठेवावी. जाणाऱ्याने उजवा हात सोडून डावीकडे सरकत मधली जागा मोकळी करून द्यावी. मग येणाऱ्याने मध्ये येत डावे टोक घ्यावे. दोन्ही टोके हातात आल्यावर मुठी मागे सरकवून नेहमीच्या जागी आणाव्यात आणि मगच लाट मोठी करावी. वाचायला हे किचकट वाटते, परंतु चार-पाच वेळा करून पाहिल्यावर हातांना सवय होते. जाणाऱ्याने मागे न पाहता उलटे चालत जाऊ नये. डाव्या बाजूने बाहेर पडून रांगेच्या शेवटी जावे, म्हणजे येणाऱ्याशी टक्कर होत नाही.

या खेळाचा गुण असा की त्यात ताकदवान माणसाला विशेष लाभ मिळत नाही. चांगला संघ तो, ज्याचे लोक एकमेकांची लय पकडतात. वाट पाहणारे तिघेही बेकार नसतात : पहिला पुढच्या पाळीसाठी जागेवर उभा असतो, दुसरा घड्याळाकडे पाहून शेवटचे पाच सेकंद मोजतो, आणि तिसरा, जो नुकताच दमून आलेला असतो, तो फक्त चालत श्वास सावरतो. दमलेल्या माणसाला लगेच प्लँक (कोपरांवर व पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणे) किंवा स्क्वॉट करायला लावण्याची टूम अनेक वर्गांत दिसते. नवख्यांच्या बाबतीत ती टाळलेली बरी, कारण मिळालेली उसंत आपणच काढून घेतली तर संघ चार जणांचा करण्यात अर्थ राहत नाही.

दुसरा खेळ : एक दोर, दोन माणसे

येथे दोराचे एकेक टोक एकेकाकडे असते आणि प्रत्येकाने आपले टोक दोन्ही हातांनी धरायचे असते. दोघांनी शेजारी, परंतु हात पसरल्यावर एकमेकांना लागणार नाहीत इतक्या अंतरावर उभे राहून एकाच लयीत लाटा काढायच्या. संघातील तिसरा ‘वर, खाली’ असे म्हणत ताल धरतो आणि चौथा दोन्ही लाटा एकाच वेळी खुंटाला पोहोचतात का हे पाहतो. 20 सेकंद झाले की जोड्या बदलतात. दोघांच्या लाटा जुळल्या म्हणजे दोराच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उठताना दिसतात आणि जमिनीवर एकच ठोका ऐकू येतो. तो ठोका ऐकू आला की लोक आपणहून हसू लागतात.

यात चार जणांपैकी दोघे एकाच वेळी काम करतात, त्यामुळे काम आणि विश्रांती सारखीच होते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून प्रत्येक जोडीला तीनच पाळ्या द्याव्यात आणि मग पूर्ण वर्गाला एक मिनिट चालायला सांगावे. उंच आणि ठेंगणा अशी जोडी झाल्यास उंचाने गुडघे अधिक वाकवावेत.

तिसरा खेळ : दोर हलेल तोवर

या खेळासाठी प्रत्येक संघाला दोन टोपल्या आणि दहा लहान, मऊ पिशव्या किंवा चेंडू लागतात. एक टोपली खुंटाच्या रेषेत, तर दुसरी दोर हलवणाऱ्याच्या रेषेत ठेवावी. मात्र दोन्ही टोपल्या दोरापासून किमान 2 मीटर बाजूला असाव्यात. एक जण आलटलाट काढतो. जोपर्यंत लाट खुंटापर्यंत पोहोचते, तोपर्यंतच वाहकाला चालण्याची परवानगी असते. लाट विरली की वाहक आहे त्या जागी थिजतो, दोर दुसऱ्याकडे जातो, लाट पुन्हा जिवंत झाली की वाहक पुढे निघतो. एका खेपेला एकच वस्तू आणायची. दोन खेपांनंतर वाहक रांगेत येतो आणि दुसरा वाहक होतो.

प्रत्येक संघावर शेजारच्या संघातील एक जण पंच म्हणून नेमावा, म्हणजे लाट पोहोचली की नाही याचा निवाडा प्रशिक्षकाला एकट्याने करावा लागत नाही. पंचही दर दोन मिनिटांनी बदलावा. वाहकाने धावायचे नाही, झपझप चालायचे; आणि हलत्या दोरावरून उडी मारून किंवा पाय टाकून पलीकडे जायचे नाही. हा दुसरा नियम मोडणाऱ्या संघाची एक वस्तू परत ठेवावी. शिक्षा किरकोळ असली तरी ती प्रत्येक वेळी द्यावी, कारण दोरात पाय अडकून पडणे हा या वर्गातील सर्वांत संभवनीय अपघात आहे.

या खेळात एक चांगली गोष्ट घडते. दोर हलवणाऱ्याची नजर वाहकावर खिळलेली असते आणि आपल्या थांबण्यामुळे तो अडकेल म्हणून माणूस आणखी चार लाटा काढतो. हा उत्साह उपयोगी आहे, तसाच तो धोक्याचाही आहे. म्हणून लाट विरली नसली, तरी एका पाळीला 20 सेकंदांची कमाल मर्यादा घालावी.

चौथा खेळ : पत्त्यांचा डाव

पत्त्यांचा जोड प्रत्येक वर्गाच्या पिशवीत असावा, इतका तो कामाचा आहे. इस्पिक म्हणजे आलटलाट, बदाम म्हणजे जोडलाट, चौकट म्हणजे नागमोडी आणि किलवर म्हणजे आपटणी, असे ठरवून घ्यावे. दुर्री ते दहिली यांवर जितका आकडा तितक्या आवृत्त्या. गुलाम, राणी आणि राजा यांना दहा. एक्का आला की दोर खाली ठेवून सगळ्या संघाने 10 सेकंद खोल श्वास घ्यायचे. संघातील प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक पत्ता उचलायचा आणि त्यावर निघालेले काम स्वतः करायचे.

पूर्ण जोड संपवण्याचा मोह मात्र आवरावा. हिशेब केल्यास एक्के वगळता प्रत्येक रंगात 84 आणि चारही रंगांत मिळून 336 आवृत्त्या होतात. चार जणांत वाटल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला 84 येतात आणि त्यातील आपटण्यांची वाटणी नशिबावर अवलंबून राहते. एका पत्त्याची सरासरी 7 असल्याने एक्के बाजूला काढून पिसलेले 20 पत्ते संघाला दिले, तर सुमारे 140 आवृत्त्या, म्हणजे माणशी 35 होतात. पहिल्या काही वर्गांना तेवढे भरपूर झाले. त्या 20 पत्त्यांत दोन एक्के आपल्या हाताने खुपसून द्यावेत. ते कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे एक्का निघाल्यावर होणारा जल्लोष ऐकण्यासारखा असतो. लागोपाठ दोनदा किलवर एकाच माणसाच्या हाती आले, तर त्याला पत्ता सहकाऱ्याशी बदलून घेण्याची मुभा असावी.

पाचवा खेळ आणि एक वगळलेला खेळ

शेवटची पाचेक मिनिटे उरली की ‘आरसा’ खेळावा. शेजारच्या दोन दोरांवर दोन संघांचे एकेक सदस्य उभे राहतात. एक जण हळू लयीत कोणतीही हालचाल करतो आणि दुसरा ती पाहून तशीच करतो. वेग निम्म्यावर असतो, गुण नसतात, आणि हृदयाची गती हळूहळू उतरू लागते.

दोर दिसला की कोणीतरी रस्सीखेचीची मागणी करतेच. रस्सीखेच हा मोठा खेळ आहे; 1900 ते 1920 या काळातील ऑलिंपिक स्पर्धांत तो खेळलाही गेला. परंतु नवख्यांच्या मिश्र वर्गात तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटल रोप लाटांसाठी घेतलेला असतो आणि त्याच्यावर दहा-बारा जणांचा ताण देणे हा त्याचा उपयोग नव्हे. हरण्याच्या क्षणी लोक नकळत दोर हाताभोवती गुंडाळतात आणि त्यातून बोटांना गंभीर इजा होऊ शकते. ओढण्याचीच हौस असेल, तर वजन ठेवलेली घसरगाडी दोराच्या टोकाला बांधून, बसून, एका वेळी एकाने ती आपल्याकडे ओढून घ्यावी.

संघ कसे पाडावेत

कप्तान नेमून त्यांना आपापली माणसे निवडायला सांगणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण शेवटी उरणारा माणूस पुढच्या आठवड्यात वर्गाला येत नाही. प्रशिक्षकाने वॉर्मअपमध्ये कोणाची हालचाल कशी आहे हे पाहून ठेवावे आणि संघ स्वतःच जाहीर करावेत, म्हणजे प्रत्येक संघात एक-दोन सरावलेले आणि एक-दोन नवखे येतील. संघ दर वर्गाला बदलावेत.

गुडघे किंवा कंबर दुखत असणाऱ्याला मजबूत खुर्चीवर बसून लाटा काढता येतात आणि ती पाळी संघात पूर्ण धरली जाते. एका हाताने काम करणाऱ्याला दोराचे एकच टोक द्यावे. दुसरे टोक सहकाऱ्याने धरले की पाळी दोघांची होते. वयस्क सहभागींना आपटणीऐवजी नागमोडी द्यावी. मात्र हे बदल सर्वांसमोर मोठ्याने जाहीर करण्याऐवजी पर्याय म्हणून सुरुवातीलाच संपूर्ण वर्गाला सांगावेत आणि निवड ज्याची त्याच्यावर सोपवावी.

कोठे थांबायचे

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, खांद्याची किंवा पाठीची जुनी दुखापत असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच सहभागी व्हावे. वर्ग चालू असताना छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा दम लागून बोलता न येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्या व्यक्तीने तत्काळ थांबावे. छातीतील वेदना ओसरत नसेल, तर वैद्यकीय मदत मागवण्यात वेळ दवडू नये. पाळीच्या शेवटी सहभागीला तुटक का होईना, एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा साधा मापदंड नवख्यांसाठी पुरतो.

दुसरी सूचना कमी सांगितली जाते, म्हणून ती येथे देतो. सवय नसलेल्या माणसाने चुरशीच्या भरात एकाच दिवशी अतिरेक केला, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळू शकतात. या स्थितीला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि ती मूत्रपिंडांना अपायकारक असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थोडे दुखणे स्वाभाविक आहे, परंतु दंड सुजणे, असह्य वेदना आणि लघवीचा रंग गडद तपकिरी होणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. पहिल्या वर्गाच्या शेवटी ही माहिती प्रत्येकाला द्यावी.

याच कारणासाठी 20 सेकंद काम आणि 10 सेकंद विश्रांती हा प्रसिद्ध टाबाटा साचा नवख्यांना देऊ नये. जपानी संशोधक इझुमी टाबाटा आणि सहकाऱ्यांचा 1996 मधील मूळ अभ्यास व्यायामाच्या सायकलवर आणि तंदुरुस्त तरुणांवर झाला होता. आठवड्यातून एकदा बैठे काम सोडून येणाऱ्या माणसाच्या खांद्यांना तोच साचा लावणे योग्य नाही.

पंचेचाळीस मिनिटांची मांडणी आणि पुढची वाट

वर्ग 45 मिनिटांचा असेल, तर 8 मिनिटे वॉर्मअप, 10 मिनिटे हालचालींचा सराव, 20 मिनिटे खेळ आणि 7 मिनिटे कूल डाऊन, अशी वाटणी जमते. 20 मिनिटांत दोनच खेळ घ्यावेत, फार तर तीन. पाच खेळ कोंबले की नियम समजावण्यातच वेळ जातो आणि लोक उभ्या उभ्या गार होतात. संगीताचा आवाज शिट्टीपेक्षा कमी असावा. कूल डाऊनमध्ये आधी सावकाश चालणे घ्यावे आणि मग छाती, खांदे, कोपराखालचे स्नायू व पाठ यांचे ताण प्रत्येकी 20 ते 30 सेकंद द्यावेत.

आठवड्यातून दोन वर्ग आणि त्यांच्यामध्ये किमान 48 तासांचे अंतर, या गतीने पुढे गेल्यास साधारण महिनाभरात बहुतेकांची लाट पूर्ण पाळीभर खुंटापर्यंत जाऊ लागते. तेव्हा प्रथम पाळी 15 वरून 20 सेकंदांची करावी, पुढे संघ चारऐवजी तिघांचा करावा, त्यानंतर खुंटाकडे एक पाऊल पुढे सरकावे आणि जाड दोराकडे सर्वांत शेवटी वळावे. एका वेळी यांतील एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि लाट विरू लागली, तर दोष कशाचा हे शोधता येत नाही.

वर्ग संपल्यावर कोणत्या संघाचा दोर किती वेळा झोपला आणि कोणाची लाट कोणत्या पाळीत विरली, एवढी नोंद वहीत करावी. पुढच्या वेळी संघ पाडताना तीच कामी येते. मग दोर खुंटावरून काढावा, घामाचा ओलावा पुसावा, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून जमिनीपासून वर टांगावा आणि रिकाम्या खुंटाला एकदा हाताने जोर लावून तो तसूभरही हललेला नाही ना, हे पाहावे.